कवळी बसत नाही

गल्लीतली लहानथोर सगळी माणसं तिला दातआत्या म्हणत. भावाच्या मुलांनी पाडलेलं हे नाव घराबाहेर पडलं आणि तिचं खरं नाव वीजबिलापुरतं उरलं.

घराच्या मागच्या खोलीत, जिथं दुसऱ्यांकडे अडगळ असते, तिथं ती बावीस वर्षं दात बनवत होती. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेत. गुलाबी, रबरासारखं ते माप तिच्याकडे येई. त्यात प्लास्टर ओतून ती जबड्याचा साचा काढी, साच्यावर मेणात एकेक दात लावी आणि शेवटी चकचकीत कवळी कापसात गुंडाळून परत पाठवी. जिच्यासाठी केली ती व्यक्ती तिला कधीच दिसत नसे. म्हणून बाजारात कोणी म्हातारा खळखळून हसला की ती भाजी सोडून त्याच्या तोंडाकडे बघत राही. एकदा एका गृहस्थांनी वैतागून विचारलंही होतं, "काय हवंय बाई?" तर ही म्हणाली, "काही नाही, तो डावा सुळा माझा वाटतोय."

तिला काम देणारे सहा-सात डॉक्टर होते, पण निम्म्याहून जास्त काम एकट्या चौकातल्या दवाखान्याचं. काचेचं दार, आत गार हवा, भिंतीवर हसऱ्या माणसांचे मोठाले फोटो. तिथले डॉक्टर फटकळ होते, पण काम नियमित द्यायचे. हल्ली रोज संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यातली मावशी पिशवीतून मापं घेऊन येई आणि तयार कवळ्या घेऊन जाई.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला पहिली कवळी परत आली. सोबत चिठ्ठी, लाल शाईत : "बसत नाही. पुन्हा करा."

आत्यानं पुन्हा केली. चार दिवसांनी दुसरी आली, मग तिसरी. महिना उलटेपर्यंत लाल शाई दिसली की ती चिठ्ठी न वाचताच नवं मेण वितळवायला घेऊ लागली. त्यातच एके सकाळी डॉक्टरांचा फोन आला.

"बाई, तुमच्या हाताला काय झालंय? पेशंट माझ्यासमोर कवळी टेबलावर आपटून गेला. हलतेय म्हणाला. माझी अब्रू गेली!"

"डॉक्टर, साच्यावर तर अगदी घट्ट बसत होती..."

"पेशंट साचा घेऊन जेवायला बसतो का?"

मागे कोणीतरी हसल्याचं तिला ऐकू आलं. म्हणजे चार माणसांसमोर बोलत होते. तिनं दाताच्या कण्या केल्या, माफी मागितली, पुन्हा करून देते म्हणाली आणि फोन ठेवल्यावर हातातली मेणाची पट्टी मोडून कोपऱ्यात भिरकावली.

त्याच आठवड्यात नवरा चहा घेताना म्हणाला, "तू झोपेत दात खातेस हल्ली. करकर आवाज येतो." नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, कोणतीही गोष्ट शांतपणे सांगायची त्याला सवय होती. "दिवसभर दात करायचे आणि रात्री दात खायचे. तुझ्या धंद्यात सुट्टी नाहीच का?"

ती हसली नाही. तिच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. चूक होतेय, पण कोणाची?

आधी तिनं स्वतःवर संशय घेतला. डोळे तपासून आली. नंबर होता तसाच होता. प्लास्टरचं नवं पोतं आणलं, जुनं फेकलं. चिठ्ठ्या येतच राहिल्या. मग तिची नजर हळूहळू खोलीतल्या दुसऱ्या स्टुलाकडे वळली.

त्या स्टुलावर वहिनी बसे. थोरल्या भावाची बायको. मुलं मोठी झाली, घरात बसून कंटाळा येतो म्हणून वर्षभरापूर्वी ती मदतीला येऊ लागली होती. प्लास्टर ओतणं आणि पॉलिश करणं ही दोन कामं तिच्याकडे. हात चांगला होता, पण जीभ त्याहून चांगली. कानाला फोन लावून खांद्यानं दाबून धरायची आणि बोलता बोलता कवळ्या घासायची. इतके दिवस आत्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता प्रत्येक गोष्ट वेगळी दिसू लागली. वहिनी प्लास्टर ढवळताना घाई करते का? आपण खोलीत आलो की फोनवर आवाज का बारीक करते? आणि तिच्या मावसभावानं पुलापलीकडे दात बनवायची नवी, मोठी लॅब काढली आहे, हे आजवर आपल्या डोक्यात कसं आलं नाही?

एका दुपारी आत्या चहाचे कप घेऊन दाराशी आली तर आतून वहिनीचा आवाज आला. "नाही रे, त्यांना अजून पत्ता नाही. रविवारी येते, तेव्हा बोलू."

आत्या चार पावलं मागे सरकली, मुद्दाम चप्पल वाजवत पुन्हा आली. वहिनीनं फोन ठेवलेला होता.

"कोण होतं, वहिनी?"

"कोणी नाही हो ताई, असंच."

त्या दिवसापासून आत्यानं वहिनीवर दात धरला. तोंडानं चकार शब्द काढला नाही, पण पाळत सुरू केली. साचा पॉलिशसाठी वहिनीच्या हातात जाण्याआधी ती त्याच्या तळाशी सुरीनं बारीक खूण करी, दोन शेवटच्या दाढांमधलं अंतर मोजी आणि एका छोट्या वहीत टिपून ठेवी. वहिनी गेली की पुन्हा मोजी. त्याच वहीत इतरही नोंदी होऊ लागल्या. 'दोन वाजून दहा, फोनवर.' 'पॉलिश करताना खिडकीतून बाहेर बघत होती.' 'आज लवकर गेली, कारण सांगितलं नाही.'

तीन आठवडे असे गेले. अंतर एकदाही चुकलं नाही, खूण एकदाही बदलली नाही. वहिनीच्या हातून गेलेली प्रत्येक कवळी साच्यावर अशी बसत होती की मध्ये कागद सरकू नये. आणि तरी दवाखान्यातून परत येत होती. याचा अर्थ वहिनी निर्दोष आहे, असं तेव्हाच कळायला हवं होतं. आत्याला वाटलं, ही आपल्यापेक्षा हुशार निघाली.

मग एक दिवस आत्या भाजी घेऊन परतली तेव्हा वहिनी स्टुलावर बसली होती. पॉलिशची मोटर बंद, हात मांडीवर, मांडीवर ती वही.

"मेणाचा डबा शोधत होते," वहिनी म्हणाली. "त्याच्या मागे सापडली."

आत्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"'वहिनी हसली, विनाकारण.' हे काय आहे, ताई? हसायलासुद्धा कारण लिहून द्यायचं का तुम्हाला?"

"वहिनी, तसं नाही. चौदा कवळ्या परत आल्यात. मला काही कळेना म्हणून..."

"म्हणून मी चोर? समोर बसवून विचारलं असतंत तर मी काय खोटं बोलले असते?"

"मग फोनवर काय चाललेलं असतं?" आत्याचाही आवाज चढला. "'त्यांना अजून पत्ता नाही' म्हणजे काय? मी या कानांनी ऐकलंय. तो तुमचा मावसभाऊ होता ना?"

वहिनीनं वही मिटली. मग म्हणाली, "हो, तोच होता. चिनी मातीचे दात करायला शिकतेय मी त्याच्याकडे, दर रविवारी. ते काम तुमच्याकडे आलं तरी तुम्ही भीतीनं घेत नाही. म्हटलं, आधी नीट शिकावं, मग सांगावं. नाही जमलं तर हसं नको."

वहिनीनं वही टेबलावर ठेवली, पदर सारखा केला आणि उठता उठता म्हणाली, "आणि एक सांगू? कवळी साच्यावर बसते आणि तोंडात बसत नाही, म्हणजे साचाच तोंडासारखा नाही. हे तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलंत. माझ्याकडे डोळे लावून बसायच्या ऐवजी मापाकडे बघायचं होतंत."

आत्यानं भाजीची पिशवी खाली ठेवली. मापाकडे तिनं बघितलं होतं, पण नुसतं. मापं वाळली की आकसतात, हे तिला ठाऊक होतंच. म्हणून तर ओल्या फडक्यात गुंडाळून, ताबडतोब पाठवा, असं तिनं दवाखान्याला सांगून ठेवलं होतं. फडकं रोज ओलं असे. आणि डॉक्टरांच्या मापात खोट असेल, हा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता. घरच्या बाईवर तीन आठवडे पहारा, आणि काचेच्या दारावर डोळे झाकून विश्वास!

त्या संध्याकाळी मावशी पिशवी घेऊन आली तेव्हा आत्यानं तिला पाणी दिलं, खुर्ची दिली.

"मावशी, ही मापं कधी घेतली?"

"कोणतं कधी, कोणतं कधी. पहिलं सकाळी दहाचं असेल."

"मग आता साडेपाचला कशी आणलीत?"

"नवीन मॅनेजर आलाय ना. एकेका मापासाठी फेऱ्या मारायच्या नाहीत म्हणाला, दिवसातून एकदाच जायचं. तोवर खिडकीतल्या ट्रेमध्ये ठेवतो आम्ही."

"खिडकीत? उन्हात? आणि हे ओलं फडकं?"

"ते निघताना भिजवते की!" मावशी अभिमानानं म्हणाली. "तुम्हीच नव्हतं का सांगितलं, ओलं आणा म्हणून?"

आत्याला हसावं की रडावं कळेना. तरी एवढ्यावर विसंबायची तिची तयारी नव्हती. एकदा चुकीच्या माणसावर बोट ठेवून झालं होतं. रविवारी तिनं नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि त्याच्या वरच्या जबड्याची दोन मापं घेतली. तोंडात गुलाबी लगदा भरलेला असताना त्यानं काहीतरी तक्रार केली, ती कोणालाच कळली नाही. एक माप तिनं लगेच ओतलं, दुसरं सहा तास खिडकीत ठेवलं, मग भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ओतलं. दोन्ही साचे सुकल्यावर मोजले. एकाच माणसाच्या एकाच जबड्यात दीड मिलिमीटरचा फरक.

ते दोन साचे डब्यात घालून ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी अर्धा तास बाहेर बसवलं. आत बोलावलं तेव्हा ते संगणकाकडे बघत होते.

"बोला. परत आलेल्या किती तयार झाल्या?"

आत्यानं साचे टेबलावर ठेवले, काय केलं ते सांगितलं. एकही वाक्य गाळलं नाही. डॉक्टरांनी साच्यांना हातही लावला नाही.

"म्हणजे आता कवळ्या करणारी बाई मला माप घ्यायला शिकवणार?"

"घ्यायला नाही. ठेवायला."

"हे बघा, तुमच्यासारखे दहा जण माझ्या दारात उभे आहेत. नीट काम करायचं तर करा."

हे वाक्य तिनं आधीही ऐकलं होतं आणि दर वेळी मान खाली घातली होती. आज तिनं डब्याचं झाकण लावलं. "मग त्यांना द्या, डॉक्टर. आजपासून तुमचं काम मी घेत नाही."

डॉक्टरांना वाटलं, ही भाव खातेय. दुसऱ्या संध्याकाळी मावशी नेहमीसारखी पिशवी घेऊन दारात उभी. दवाखान्यात बोलणं सोपं गेलं होतं. ही पिशवी परत करणं जड गेलं, कारण आत पाच माणसांची तोंडं होती आणि त्यातलं कोणी तिच्याशी वाईट वागलं नव्हतं. तिनं पिशवी उघडली नाही. "मावशी, परत न्या. पेशंटना सांगा, माप पुन्हा द्यावं लागेल." मावशी पुटपुटत गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत आत्या दारात उभी होती, मावशी पिशवी इथंच कुठंतरी ठेवून देते की काय, या शंकेनं.

वहिनी महिनाअखेरीपर्यंत येत राहिली. काम चोख, बोलणं मोजकं. फोनवर बोलायचं झालं तर उठून अंगणात जाई, आणि आत्याला खोलीतली ती शांतता सोसत नसे. शेवटी तिनं एकदा सरळ हात जोडले. "चुकलं माझं, वहिनी. मनातून काढून टाका."

"काढलंय हो," वहिनी म्हणाली. "पण एक तारखेपासून मी तिकडे जाणार आहे. तिथं माझ्यामागे कोणी वही घेऊन बसत नाही." सणसणीत बोलली, आणि जाताना मेणाच्या सगळ्या सुऱ्या धुऊन, पुसून ओळीत लावून गेली.

पुढचे महिने ओढगस्तीचे होते. पण वेळ रिकामा असल्यानं आत्यानं उरलेल्या डॉक्टरांकडे स्वतः चकरा मारल्या. माप कुठं ठेवता, कोण आणतं, किती वाजता, असे प्रश्न विचारून तिनं लोकांना भंडावलं. एक म्हातारे डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही पोलिसात भरती का नाही झालात?" दोघांनी तिला उडवून लावलं. दोघांनी दवाखान्यातच प्लास्टर ओतायला सुरुवात केली. नवं काम आलं की ती आधी तीन मापं बघे आणि मग हो किंवा नाही सांगे. नाही म्हणताना पूर्वीसारखं कारणांचं लांबण लावत नसे. चिनी मातीच्या दातांचं काम आलं की ते मात्र पुलापलीकडे पाठवी. वहिनी त्यावर फोन करून रंगाबद्दल विचारी. कामाचं बोलणं संपलं की दोघी थोडा वेळ थांबत, आणि मग कोणीतरी "बरं, ठेवते" म्हणे.

हिवाळ्यात एका दुपारी चौकातले डॉक्टर स्वतः आले. मागच्या खोलीच्या दारात वाकून उभे राहिले.

"मॅनेजर बदललाय," ते म्हणाले. "मापं आता लगेच ओततो आम्ही. तुमचं म्हणणं बरोबर होतं असं नाही म्हणत मी, पण... पुन्हा सुरू करू या का?"

"किती वेळात ओतता?"

"तुम्ही म्हणाल तितक्या वेळात."

"आणि ओतल्याची वेळ कागदावर लिहून द्याल?"

"देऊ की."

"कवळी परत आली तर आधी माप तपासायचं. चालेल?"

"चालेल, चालेल."

इतक्या पटापट हो येतंय, म्हणजे याला माणूस मिळत नाहीये, आत्याच्या मनात आलं. तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या स्टुलावरची धूळ ते बोटानं पुसत होते, पण बसायला तयार नव्हते. या माणसाला आपण खोटं पाडलं हे तो विसरलेला नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा चार माणसांसमोर त्याची परतफेड होईल, असं तिला वाटलं. खरं असेल, नसेल. पण रोज संध्याकाळी दाराची कडी वाजली की पिशवीत लाल चिठ्ठी शोधण्याचे दिवस तिला परत नको होते.

"नाही डॉक्टर," ती म्हणाली. "पुलापलीकडे एक चांगली लॅब आहे. पण तिथंही हेच प्रश्न विचारतील. माझी वहिनी आहे तिथं, तिला मीच शिकवलेले आहेत."

डॉक्टर गेले. तिनं मोटर सुरू केली, चष्मा वर सरकवला आणि म्हाताऱ्या डॉक्टरांच्या कामातली खालच्या जबड्याची कवळी घासायला घेतली.