उतारावरचं तेल

गाडी शिकवणाऱ्या बाईंचं खरं नाव त्यांच्या लायसन्सवर छापलेलं होतं आणि ते तिथेच राहिलं. वस्ती त्यांना ब्रेक मॅडम म्हणायची. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढेही त्यांच्या गाडीत एक ब्रेक होता आणि त्यावर मॅडमचा पाय कायम असायचा. झोपेतसुद्धा त्यांचा पाय मधूनच ताठ व्हायचा, असं त्यांचा नवरा सांगे. माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता. वर्षानुवर्षं माणसांना क्लच सोडताना बघितल्यावर तो कुणाचाच उरला नसता.

वस्ती टेकडीवर होती. सपाट अशा तिथे फक्त भिंती. हातातून चेंडू निसटला तर तो खालच्या बसथांब्यावर सापडायचा. नव्याने राहायला आलेली माणसं सुरुवातीला रात्रभर पलंगाच्या एकाच कडेला गोळा व्हायची आणि एकमेकांवर संशय घ्यायची. मॅडमचा धंदा याच चढाच्या जिवावर चालला होता. चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता पुढे कशी काढायची, हे त्यांच्याइतकं चांगलं शहरात कुणी शिकवत नव्हतं. सपाटीवरच्या शाळांतून शिकून आलेली माणसंही ही एवढी एक गोष्ट शिकायला त्यांच्याकडे यायची आणि जाताना रुमालाने मान पुसत जायची.

तर ही गाडी धूर सोडायला लागली.

धुराचं शास्त्र मॅडमना माहीत होतं. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर आला आणि विरला तर काळजी नाही. पांढरा येतच राहिला तर पाणी जळतंय. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. निळा असेल तर इंजिन स्वतःचंच तेल जाळून खातंय. यांचा निळा होता. कवितेत निळा रंग बरा वाटतो. सायलेन्सरमधून आला की घरी बसायची वेळ येते.

सुरुवातीला सकाळी गाडी चालू करताना नुसती एक फुंक यायची. मग ती दिवसभर येऊ लागली. वरच्या मजल्यावरची शेजारीण गाडी दिसली की दोरीवरचे कपडे गोळा करायची. गाडी शिकणारा एक तरुण आरशात बघून म्हणाला, मॅडम, मागे कुणाचं तरी काहीतरी जळतंय. मॅडम म्हणाल्या, तू पुढे बघ.

पुढे बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. मॅडमच्या दिराचं खाली शहरात रंगाचं दुकान होतं आणि काउंटरवर बसायला त्याला घरचं माणूस हवं होतं. धूर त्याला आधी दिसला. आला की तो गाडीभोवती एक फेरी मारायचा आणि म्हणायचा, "वहिनी, आता पुरे. गाडी भंगारात द्या, दुकानात बसा. पंखा आहे." दर वेळी तो पंख्यापाशी येऊन थांबायचा, जणू पंखा म्हणजे पेन्शनच. एकदा त्या काउंटरमागे बसलो की तिथून उठणं नाही, हे मॅडमना कळत होतं. उरलेला जन्म फिकट पिवळा आणि जरा कमी फिकट पिवळा यांतला फरक गिऱ्हाइकांना समजावण्यात जाणार, आणि तोही दिराच्या देखरेखीखाली. दुसरी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. इंजिन खोलायचं तर गाडी महिनाभर आडवी पडणार, आणि शिकणारी माणसं महिनाभर कुणासाठी थांबत नाहीत.

आता घराबद्दल. घरात तिघं होती: मॅडम, त्यांचा नवरा आणि सासरे. नवरा चष्मे बनवायचा. स्वभावाने इतका मऊ की बोलताना स्वतःच्याच वाक्याला वाट द्यायचा. सासऱ्यांचं आयुष्य जहाजांच्या इंजिनखोलीत गेलं होतं आणि तिथे त्यांचं काम एकच, तेल घालणं. इंजिन मरतं ते तहानेने, बाकी सगळी कारणं साहेबांनी काढलेली, असं त्यांचं मत होतं. या घरात केलेलं काम बोलून दाखवायची पद्धत नव्हती. ‘मी केलं’ म्हणणं म्हणजे ‘तुम्ही केलं नाहीत’ असं तोंडावर फेकणं, असा एक समज कुणीतरी कधीतरी घरात आणून ठेवला होता आणि मग तो कुणीच बाहेर टाकला नाही. त्यामुळे दूध तीनदा तापायचं. गॅलरीतल्या कुंड्यांना तिघंही पाणी घालायची आणि झाडं बुडून मरायची. मेलेलं झाडही कुणी बोलून न दाखवता उचलून ठेवायचं.

मॅडम गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेल्या. मिस्त्रींचं गॅरेज त्याच गल्लीत, जरा वरच्या अंगाला. वस्ती त्यांना ‘संपलं’ म्हणायची, कारण कुठलीही गाडी आली की ते आधी तिचा मृत्यू जाहीर करायचे आणि मग बॉनेट उघडायचे. या वेळी त्यांनी बॉनेटही उघडलं नाही. गल्लीतून येणारा धूर बघितला, डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल. संपलं."

मॅडम म्हणाल्या, खोलायच्या आधी तपासून दाखवा. मिस्त्री दुखावले. पण ज्या बाईने अर्ध्या वस्तीला गाडी शिकवली तिच्याशी भांडून गिऱ्हाइकं तुटली असती, म्हणून त्यांनी प्लग काढले आणि एकेका भोकाला दाबाचं मीटर लावलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर दाब कमी भरतो. चारही ठिकाणी तो चांगला भरला. मिस्त्रींचा चेहरा पडला. मग ते व्हॉल्व्हपाशी तेल अडवणाऱ्या सीलवर आले. पण सील कडक झाले असतील तर धूर गाडी चालू करताना येतो आणि जातो, दिवसभर येत नाही, हे त्यांना स्वतःलाच कबूल करावं लागलं. शेवटी त्यांनी हवेचा फिल्टर काढला. तो तेलात बुडवून काढल्यासारखा थबथबलेला होता. इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत नेणारी नळीही तेलाने भरलेली.

"हे काही बरं नाही," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पुन्हा जान आली. त्यांनी तेल मोजायची पट्टी ओढली. पट्टीचं टोक जेमतेम ओलं होतं. एवढं तेल वर फेकतंय आणि खाली पुन्हा कमीच, म्हणजे आत काहीतरी फुटलंय. सोमवारी गाडी आणा, खोलतो. तुम्ही तेल किती घालता, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, संध्याकाळी पट्टी बघते, कमी दिसलं की थोडं. ते खरं होतं.

दिराला कळलं. त्याने काउंटरमागचं स्टूल पुसून ठेवल्याचा निरोप धाडला.

शनिवारी लायसन्सची चाचणी होती. चाचणीचं मैदान खाली शहरात, तव्यासारखं सपाट. रांग लांब होती, गाडी बराच वेळ बंद उभी राहिली. परीक्षक कधीकधी बॉनेट उघडायला लावतो, म्हणून मॅडमनी शिकाऊ मुलीला पट्टी काढून दाखवायला सांगितलं. मुलीने ती काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली.

"मॅडम, वरच्या खुणेच्याही खूप वर आहे," ती म्हणाली. "म्हणजे फुल मार्क ना?"

मॅडमनी पट्टी हातात घेतली. पुन्हा बुडवली. तेल पट्टीवर निम्म्यापर्यंत चढलेलं. त्यांनी मान वर करून मैदानाकडे बघितलं, मग दूर टेकडीकडे. घरासमोर गाडी नेहमी तोंड चढाकडे करून उभी असते. तेल मागे सरकतं आणि पुढच्या बाजूची पट्टी कोरडी दिसते. मिस्त्रींच्या गॅरेजातही तेच. शिवाय त्या स्वतः बघायच्या ते दिवसभराच्या चकरांनंतर लगेच, तेल अजून वरच्या भागातून खाली उतरलेलंही नसताना. बाईंनी वर्षानुवर्षं लोकांना चढ शिकवला आणि त्यांच्याच तेलाने चढावर त्यांना फसवलं. मुलगी पास झाली. मॅडमनी तिचं अभिनंदन केलं की नाही, हे दोघींनाही आठवत नाही.

पण चढामुळे पट्टी चुकते, तेल वाढत नाही. मॅडम घालत होत्या ते थोडंसं. एवढं आलं कुठून?

दुसऱ्या कुठल्याही घरात हे जेवताना विचारलं असतं. मॅडम रविवारी पहाटे उठल्या, खाली गेल्या, गाडीत आपल्या सीटवर बसल्या आणि सीट मागे पाडून आडव्या झाल्या.

उजाडलं तसे सासरे आले. बॉनेट वर गेलं, काच झाकली गेली, आणि खालच्या फटीतून फक्त त्यांचे जुने भाजलेले हात आणि तेलाचा डबा दिसला. "पी," ते इंजिनाला म्हणत होते. "पी रे बाळा. या घरात तुझ्याकडे कुणी बघत नाही." बॉनेट बंद झालं. मॅडम हलल्या नाहीत. थोड्या वेळाने बनियनवर नवरा आला. त्याच्या हातात चष्म्याच्या दुकानातली बाटली होती, आत इंजिनाचं तेल. त्याने पट्टीला हातही लावला नाही. सरळ टोपण काढून ओतलं, आणि चष्मे पुसायच्या फडक्याने कडा इतक्या मायेने पुसल्या की मॅडमना क्षणभर दया आली. मग त्यांनी हात लांबवून हॉर्न दाबला.

नवऱ्याचं डोकं बॉनेटला आपटलं. हॉर्न ऐकून सासरे परत आले. तिघं गाडीभोवती उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा या घराने एखाद्या कामाबद्दल चर्चा केली.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"धूर यायला लागला तेव्हापासून," नवरा डोकं चोळत म्हणाला. "तू दमून येतेस. म्हटलं, तुझ्या लक्षात राहत नसेल."

"पट्टी बघत होतात?"

"पट्टी कशाला, धूर दिसत होता ना."

सासरे मुलाकडे बघत राहिले. "तू घालतोस? मग मी काय करतोय?"

"बाबा, तुम्हीपण?"

"मीपण," मॅडम म्हणाल्या. "संध्याकाळी."

सगळं उलगडायला फार अक्कल लागत नव्हती. पहिली फुंक खरीच होती, म्हाताऱ्या सीलची. ती तिघांनी वेगवेगळी बघितली आणि तिघांनी वेगवेगळं, गुपचूप, प्रेमाने तेल घातलं. तेल जास्त झालं, आत घुसळून त्याचा फेस झाला, फेस नळीतून वर चढून जळायला लागला. धूर वाढला तसं प्रेमही वाढलं.

"जहाजावर आम्ही—" सासऱ्यांनी सुरुवात केली.

"जहाज बुडालं नाही हे नशीब," मॅडम म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी गाडी गॅरेजात नेली नाही. मिस्त्रींनाच खाली बसथांब्याजवळच्या सपाट जागेवर बोलावलं; नवरा आणि सासरेही आले. मिस्त्रींनी घमेलं ठेवून खालचा बोल्ट सोडला. घमेलं भरलं. दुसरं आणलं. बसच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, गाडी आहे की घाणा. मिस्त्रींनी बोल्ट आवळला, ताजं तेल खुणेपर्यंत घातलं, नळी धुतली आणि फिल्टर बदलला. तेवढ्यात दीर आला. तो भंगारवाल्याशी बोलूनच आला होता.

मॅडमनी चावी फिरवली. सायलेन्सरमधून एवढा निळा ढग बाहेर पडला की बसथांबा दिसेनासा झाला. रांग खोकायला लागली. ढगातून दिराचा आवाज आला, "वहिनी, पंखा—"

"संपलं," मिस्त्री पुटपुटले. या वेळी त्यांनाही ते खरं व्हावंसं वाटत नव्हतं.

मॅडमनी पहिला गिअर टाकला. सायलेन्सरमध्ये साचलेलं तेल जळून संपेपर्यंत ही गाडी थांबवायची नाही, एवढंच त्यांना सुचलं. मागच्या सीटवर सासरे कधी चढून बसले ते त्यांनी बघितलं नाही. शहराला वळसा, पूल, मग चढ, वस्ती, पुन्हा खाली. नवरा बसथांब्यावर उभा राहून रस्त्याकडे बघत होता आणि चष्मा पुसत होता, जणू धूर काचेवर असावा. गाडी परत आली तेव्हा तिच्यामागे रस्ता दिसत होता. झाडं, दुकानं, एक कुत्रं, सगळं स्वच्छ.

दीर बघत राहिला. मग म्हणाला, चला, दुकान उघडायचंय. मिस्त्रींनी सांगितलं की सील कडक झालेत, सकाळी फुंक येईल. पण ते इंजिन न खोलता बदलता येतात आणि घाई नाही. सांगताना त्यांचा चेहरा सांत्वनाला आल्यासारखा होता.

गाडी वाचली. सासरे मात्र दोन दिवस जेवणावर बसून नुसतं अन्न इकडचं तिकडे करत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सूनबाई, मग आता सकाळी मी काय करू?"

असं सरळ या घरात कधी कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिकाऊला घेऊन निघताना त्यांनी मागचं दार उघडून ठेवलं. खाली सपाट जागेवर त्यांनी इंजिन बंद करायला लावलं आणि थांबल्या. तेल खाली उतरेपर्यंत सासऱ्यांनी शिकाऊला जहाजाबद्दल सांगितलं, त्यातलं निम्मं खोटं. मग ते उतरले, पट्टी काढली, पुसली, बुडवली, उजेडात धरली. डबा त्यांनी सोबत आणला होता. तो हातात तसाच राहिला.

"बघितलं," ते मोठ्याने म्हणाले. "घातलं नाही."

बसच्या रांगेतल्या एका माणसाने विचारलं, काय घातलं नाही?

"तेल," सासरे म्हणाले, आणि मागच्या सीटवर चढून दार ओढून घेतलं. "चल रे पोरा. आणि क्लच हळू सोड, मला मान एकच आहे."