सायलीचा दातांचा डॉक्टर

आमच्या पेणजवळच्या जोहे गावच्या कारखान्यात गणपती सुकायला वेळ लागतो. किस्से मात्र ओले असतानाच हातोहात फिरतात! बायका रंगवायला बसल्या की एकीचा संपायच्या आत दुसरीचा सुरू. त्यातले सायलीचे किस्से मी हसत सुरू करते आणि हल्ली मध्येच ब्रश खाली ठेवते.

सायली आमच्या शेजारची, कॉलेजातली पोर. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, तिच्याकडे. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "बाप्पा माझ्याकडेच बघतोय!" सायली म्हणाली, "काका, मोदक कुठे लपवलेत ते शोधतोय!"

*

मग तिचा डबा भरलेलाच परत जायला लागला. "डाएट हाय," म्हणायची. आमच्यातली मंदावहिनी टोमण्यात पटाईत. तिचा पोरगा राकेश रोह्याला कंपनीत आहे. ती म्हणाली, "हिरोईन व्हायचंय काय गो?" सगळ्या हसलो. सायलीही हसली, पण जरा उशिरा.

*

तिच्या आईने दृष्ट काढली. मिरच्या जाळल्या, कोणालाच ठसका नाय! "बघा, नजर लागलेलीच!" आई खूश. कारण सापडलं ना! पोर मात्र भिंतीकडे तोंड करून निजलेली.

*

गणपती तोंडावर आले आणि सायलीपुढे बिनडोळ्यांच्या मूर्तींची रांग. मालक ओरडले, "मोबाईल बघत जागते, दुसरं काय!"

मी जवळ बसले. "सायले, काय होतंय गो?"

"मावशी, सकाळी जाग आली की वाटतं, कशाला आली."

एवढं विचारायला आम्हाला अख्खा सीझन लागला.

*

दुसऱ्याच दिवशी मी आणि तिची आई तिला एसटीने पेणला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, "हा आजार आहे, आळस नाही. बरा होतो." आईची अट एकच, "कारखान्यात दातांचा डॉक्टर सांगायचं!"

झालं! मंदावहिनी रोज लवंग आणायची, सायली निमूट चघळायची. गोळ्या, डॉक्टरांशी बोलणं, आणि वर लवंग! हळूहळू डबा रिकामा जायला लागला. कॉलेजची परीक्षा मात्र हुकली ती हुकलीच.

*

परवा मंदावहिनी सायलीला खेटून बसली.

"राकेश शिफ्टला जात नाय गो, घरीच पडून असतो. जेवत नाय, बोलत नाय. तुझ्या डॉक्टरकडे न्यायचाय."

"दात दुखतायत?"

"नाय. दात चांगले हायत त्याचे."

सायलीने बाप्पाचा दुसरा डोळा तसाच ठेवला आणि ब्रश पाण्यात टाकला.

"उठा वहिनी, त्याला घेऊ. आताची एसटी मिळेल."