मामांचं पिस्तूल आणि मामांचा गुडघा

पिस्तुलावर माझ्या बायकोच्या मामांइतका जीव टाकणारा आणि पिस्तुलाला त्यांच्याइतका भिणारा माणूस जगात दुसरा नसेल. दिवाळीत साधी लवंगी फुटली तरी मामा कानांत बोटं घालून गोठ्यात पळतात. पण नोकरीत असताना कारखान्याच्या सहलीत एका संग्रहालयात त्यांनी काचेआड जुनं जर्मन पिस्तूल पाहिलं आणि तेव्हापासून ते त्यांच्या जिभेवरून उतरलेलं नाही. भाजे लेण्यांचा रस्ता विचारणाऱ्या पर्यटकाला मामा ओसरीवर बसवतात आणि स्वतः कोरलेलं सागवानी पिस्तूल त्याच्या हातात देतात. "चाप ओढला की फुडची गोळी आपोआप वर. गोळ्या पिस्तुलाच्या मुठीत ठेवायची युक्ती ह्याची, आज समदी पिस्तुलं तेच करत्यात! आन् ह्यो बघा गुडघा." वरचा सांधा ताठ असतो तोवर धक्का पेलतो, मग वाकून रिकामं काडतूस बाहेर फेकतो. मूळ पिस्तूल बनवणारा जर्मन आधी शिवणयंत्रांच्या कारखान्यात होता, हे सांगताना मामा मामींच्या मशीनकडे फार आदरानं बघतात. "मग तिला तेल तरी घाला की," मामी म्हणतात.

गेल्या वर्षी मामांचा स्वतःचाच गुडघा रुसला. आधी लेण्यांच्या पायऱ्या सुटल्या, मग मळवली स्टेशन, शेवटी राहिलं ओसरी ते गोठा. डॉक्टर म्हणाले, बदलावा लागेल. मामांचं एकच, "मूळच्या रचनेला हात लावायचा न्हाई." हा माणूस आता खाटेलाच खिळणार, या विचारानं मला खरंच भीती वाटू लागली.

एका संध्याकाळी मामींनी मशीन थांबवलं. "अवो, तुमच्या त्या जर्मनाला लोक म्हनले व्हते ना, लय अवजड झालंय, बदल करा. ऐकलं का त्यानं?"

"न्हाई ऐकलं."

"मग?"

"त्याच कारखान्यातल्या दुसऱ्यानं सुधारलं. सुटसुटीत केलं, मूठ तिरकी केली. देशोदेशीच्या फौजांनी त्येच घेतलं."

"आन् गुडघा?"

"गुडघा हायच की. निस्ता आखूड."

मामींनी दोरा तोडला. "मग तुमी त्यातले कोन, पयला का दुसरा?"

मामा बराच वेळ सागवानी सांधा वाकवत, सरळ करत बसले. सकाळी मला फोन आला, "डॉक्टरला इचार, कवा येऊ?"

नवा गुडघा रुळल्यावर परवा मामा काठीच्या आधारानं आणि आम्ही त्यांच्या चालीनं, थांबत थांबत लेण्यांपर्यंत चढलो. इतक्या वर्षांत मामीही पहिल्यांदाच वर आल्या. मामांनी सवयीनं पिशवीतून पिस्तूल काढलं, इकडेतिकडे पाहिलं. पर्यटक नव्हते. ते पुन्हा पिशवीत ठेवू लागले, तसा मामींनी हात धरला. "सांगा की. मी ऐकतीया."

मामांनी पिस्तूल मामींच्या हातात दिलं आणि पार शिवणयंत्रापासून सुरुवात केली.