डाव्या हाताच्या गाठी

बनुबाईच्या उजव्या करंगळीचं नख अख्ख्या महाडला ठाऊक. लांब, टोकदार आणि रंगानं कायमचं तांबडं. त्या नखानं कापडाचा कण उचलायचा, थुंकीनं ओला केलेला दोरा वर आवळायचा, मग कापड रंगात बुडवायचं. गाठीत दडलेलं तेवढं पांढरं राहायचं. पण छापील साड्या आल्या आणि बांधणी कोणी विचारीना.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात मुंबईची कपड्यांची दुकानवाली बाई आली, गॉगल कपाळावर चढवून. बनुबाईची लेक शकू नंतर मान वेळावून तिची हुबेहूब नक्कल करी, "ओऽह, किती क्यूट! पण काहीतरी वेगळं द्या ना, कुर्त्यांसाठी! सोमवारपर्यंत नमुना, नाहीतर मी कच्छचंच घेईन हं!"

वेगळी नक्षी एकच, सासूची चंद्रवेल. डावखुऱ्या येसूबाईनं ती कोणाला शिकवली नाही. नऊ वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा एक कापड अर्धवट बांधलेलं राहिलं. घरची रीत अशी, की मेलेल्या बाईच्या गाठी सोडायच्या नाहीत, पुढं बांधायच्याही नाहीत. बनुबाईनं ते उतरंडीतून काढलं.

"आये, नको गो!"

"मग काय भातगिरणीत झाडू मारू?" म्हणत बनुबाईनं वेल कशी चढते ते बघायला सात गाठी सोडल्या.

भाकरी खाऊन आली, तर सातही बांधलेल्या! दोरा उलटा, डावीकडून वेढलेला. ओला. वर मशेरीचा वास.

"शके, मस्करी करतंस?"

"मला कुठं येतंय डाव्या हातानं? आन् मशेरी मी लावतंय काय?"

येसूबाई गेल्यापासून घरात मशेरी कोणीच लावत नव्हतं.

बनुबाईनं गाठी पुन्हा सोडल्या, पण या खेपेला ती उठली नाही. भर दुपार, उंबऱ्यात ऊन. बराच वेळ काही हललं नाही. मग तिचा डावा हात उचलला गेला. तिनं उचलला नव्हता. त्यानं दोरा तोंडाशी नेला. तोंडात मशेरीची चव आली.

दिवेलागणीला वेल पुरी झाली होती.

सोमवारी बाई चित्कारली, "फॅन्टास्टिक! चार डझन!" काम टिकलं. चंद्रवेलीचे कुर्ते मुंबईच्या पोरी मिरवू लागल्या. बनुबाईचं उजवं नख महिन्याभरात गळलं. डावं वाढलं.

शकू सगळ्यांच्या नकला करते. आईची मात्र सोडली. एकदाच केली, आई सासूला हाक मारायची तशी हाक मारून, तर चुलीपुढं बसलेल्या आईच्या तोंडून आजीनं ओ दिली.