आग्यामोहोळाखालची छावणी

मी शिपाई नव्हते, हे आधीच सांगते. पण पलटणीच्या मस्टरवर माझं नाव होतं, पगार सरकारी होता आणि हुकूम मोडला तर काढून टाकणारही सरकारच होतं. म्हणून मी तिला नोकरीच म्हणते. माझं शिक्षण मराठी चौथी. जसं आठवतं तसं लिहिते.

साल तिसाच्या पुढचं. चैत्र चालू होता. सॅपर्सची, म्हणजे फौजेतल्या रस्ते-पूल बांधणाऱ्यांची, एक तुकडी मोजणीसाठी मंडणगडच्या डोंगरात आली. अकरा जवान. त्यांना पाणी भरायला, दळायला आणि जागा सारवायला बाई हवी होती. माझं घर आरे-वारेकडे, किनाऱ्यावर. नवरा गलबतावर खलाशी होता, तो बुडाला. मुलगी चार वर्षांची. तिला आईकडे ठेवलं आणि गेले.

साहेब मंडणगडात बंगल्यावर उतरत. जवानांना तंबू नव्हता, एक हलकं मेणकापड होतं. त्याला सगळे शीट म्हणत. दोन झाडांमध्ये दोर बांधायचा, त्यावर शीट टाकायचं, कोपरे खुंट्यांना ताणायचे. चारी बाजू उघड्या. पाठीवर न्यायला सोपं, पण किड्यामुंगीला मोकळं रान.

ते माझं काम होतं. पहाटे पाचला जागा झाडून शेणाने सारवायची. भोवती राखेची रेघ ओढायची. दोराच्या दोन्ही टोकांना रॉकेलात भिजवलेली चिंधी बांधायची, म्हणजे झाडावरच्या मुंग्या दोरावरून उतरत नाहीत. बूट उलटे करून झटकायचे, विंचू असतो. संध्याकाळी सहाला नारळाच्या सोडणांचा, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालींचा, धूर. आमच्या किनाऱ्यावर चिलटांसाठी घरोघर करतात तसाच. सोडणांचं पोतं मी घरून नेलं होतं.

जवानांपैकी धाकू नाईक तिथलाच, पलीकडच्या गावचा. तीस वर्षांचा, बारीक, सतत बोलणारा.

"काय गो बाय, दोराला पण रॉकेल? उद्या आम्हाला पण लावशील."

"तुम्हाला नको. तुमच्या मोज्यांच्या वासानेच पळतात."

हवालदार देशावरचे, वयाने मोठे, कधी हसत नसत. ते म्हणाले, "बाई बरोबर बोलतात. मोजे धू."

पंधरा दिवसांत एकालाही विंचू चावला नाही. मला त्याचा गर्व झाला होता.

आमची जागा कड्याच्या पायथ्याशी होती. सावली होती आणि खाली शंभर पावलांवर झरा, त्याच्या पुढे ओढा. कड्याच्या पोटात, वर, एक काळा पट्टा दिसे. मला तो दगडावरचा डाग वाटला. मी किनाऱ्यावरची. मला मासे कळतात, वारा कळतो. आग्यामोहोळ मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी आठ जण समोरच्या टेकाडावर मोजणीला गेले. त्यांच्यात सिग्नलर होता. त्याच्याकडे हेलिओ, म्हणजे उन्हात चमकवून संदेश पाठवायचा आरसा. छावणीत हवालदार, नाईक आणि भिकू नावाचा जवान. भिकूला तीन दिवस ताप होता. तो शीटखाली पडून होता आणि माशा त्याच्या डोळ्यांत बसत होत्या. हाकलायचीही ताकद त्याला नव्हती.

दहाला मी सोडणं पेटवली. तोपर्यंत धूर संध्याकाळीच करत असे, तेव्हा वारा पडलेला असे. त्या वेळी वारा डोंगराकडून येत होता, धूर खाली दरीत जात होता. माशा गेल्या. भिकूला झोप लागली. मी कळशी घेऊन झऱ्यावर गेले.

अकराच्या सुमारास वारा फिरला. समुद्राकडून आला. रोज त्या वेळी फिरतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. फिरला की धूर कड्याकडे जाईल, हे मात्र डोक्यात आलं नाही. जड धूर सरळ त्या काळ्या पट्ट्यावर गेला.

आधी आवाज आला, जात्यासारखा. मग वरून हवालदारांची हाक.

"शीट खाली! दोर कापा!"

मी वर पाहिलं. पट्टा कड्यावरून सुटला होता आणि ऊन काळं झालं होतं. पहिली मधमाशी भुवईवर बसली, मग मानेवर, मग मोजता येईना. मी कळशी टाकली आणि पळाले, तेही चुकीच्या दिशेला, उघड्यावर.

नाईक शीटखाली सुखरूप होता. हवालदारांनी दोर कापला होता, शीट तिघांवर पडलं होतं आणि कडांवर ते दगड ठेवत होते. नाईकाने विचारलं, "बाय कुठे?" हवालदार म्हणाले, "बाहेर. तू हलायचं नाही." तो घोंगडी घेऊन बाहेर पडला. त्याने हुकूम मोडला, हे हवालदारांनीच मला नंतर सांगितलं.

त्याने घोंगडी माझ्या डोक्यावरून टाकली, दंड धरला आणि ओढत नेलं. शीटची कड उचलली, मला आत लोटलं. आत यायला त्याला कड पुन्हा उचलावी लागली असती, आणि त्याच्या अंगावर माशांचा थर होता. तो बाहेरून ओरडला, "दगड ठेवा! मी ओढ्याकडे जातो!" आणि पळाला. निम्म्या माशा त्याच्या मागे गेल्या.

हवालदार म्हणाले, "आत आलेली माशी चिरडायची नाही. वासाने बाकीच्या येतात. तोंड झाका. पडून राहा."

आम्ही पाऊण तास पडून होतो. शीटवर पाऊस पडावा तसा आवाज. ते कापड वाऱ्याने फडफडेल एवढं हलकं. कडा दाबून धरल्या म्हणून तगलो.

नाईक ओढ्यात सापडला. डोळे सुजून बंद झाले होते. हवालदारांनी टेकाडाकडे ओरडून संदेश दिला, सिग्नलरने मंडणगडाकडे आरसा फिरवला. थोड्या वेळाने तो ओरडला, "जबाब आला! डॉक्टर निघाले! पाच वाजेपर्यंत!"

नाईक तीन वाजता गेला. त्याआधी त्याने हवालदारांना जवळ बोलावलं.

"रिपोर्ट लिहा. धूर मी केला."

मी म्हणाले, "खोटं आहे. मी केला."

"बाय, तू गप. तुझी नोकरी जाईल."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मी खरं तेच सांगितलं. साहेबांनी हवालदारांकडे पाहिलं.

"नाईकाचा शेवटचा रिपोर्ट मी लिहून घेतला आहे, सर. त्यात बदल करायचा मला अधिकार नाही."

साहेबांनी रिपोर्ट वाचला. मग म्हणाले, "ठीक. छावणी हलवा." माझी नोकरी राहिली. त्यावर मुलगी वाढली. साहेबांचे आणि हवालदारांचे आभार मी तेव्हा मानले नाहीत, आता मानते.

तेराव्याला मी नाईकाच्या घरी गेले. त्याची बायको दारात तांदूळ पाखडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. धूर कोणी केला, तो का बाहेर आला, रिपोर्टात काय आहे.

ती म्हणाली, "ते दुखून ओरडले काय?"

"नाही."

"माझ्याशी खोटं नको."

"ओरडले. ओढ्याकडे जाताना. नंतर नाही."

तिने सूप खाली ठेवलं. माझ्या तोंडावरच्या डंखांच्या डागांकडे पाहिलं. मला वाटलं, हाकलणार.

"त्यांनी तुला आत घातली, मी बाहेर काढू?" ती म्हणाली. "ये. जेवून जा."

मी जेवले. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. ती वाढत होती आणि दोघीही रडलो नाही.

धाकू नाईक लढाईत पडला नाही, म्हणून त्याचं नाव कुठे कोरलेलं नाही. तो तीस वर्षांचा होता. मी आज सत्तरीच्या पुढे आहे. मधली सगळी वर्षं त्याच्याकडून आली. मी ती वाया घालवली नाहीत, एवढं त्याला सांगायचं होतं.