हुआंगशानवरचा राउंड

आमच्या गॅरेजमध्ये आइस्क्रीमचे रिकामे डबे साठतात, तसे आमच्या ग्रुपचे किस्से साठतात. टाकवत नाहीत, आणि कुठलं झाकण कुठल्या डब्याचं हे काही दिवसांनी कळेनासं होतं. चीनच्या ट्रिपचा डबा मात्र मी वेगळा ठेवलाय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वेलिंग्टनच्या आसपास राहणारे आम्ही अकरा मराठी लोक. बहुतेक सगळे डॉक्टर, नर्स, फार्मसिस्ट. मी कौन्सिलच्या ऑफिसात नकाशे काढणारा, म्हणून ग्रुपमध्ये माझं नाव 'पेशंट'. बायको उषा पोरिरुआच्या एका क्लिनिकमध्ये नर्स. शुक्रवारी आम्ही ज्या चायनीज टेकअवेतून फ्राइड राइस आणायचो, त्याच्या मालकानं एका ख्रिसमसला कॅलेंडर दिलं. त्यात हुआंगशान नावाचा डोंगर होता. ढगांच्या वर आलेली टोकं आणि त्यांच्यामधून उगवणारा सूर्य. वर्ष संपलं तरी उषानं ते पान फ्रिजवरून काढलं नाही. "मला हा सूर्य बघायचाय," एवढंच म्हणायची. त्यासाठी तिनं तीन वर्षं रजा साठवली. तिनं स्वतःसाठी दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

ट्रिपची कल्पना तिची, पण ट्रिप आखली डॉक्टर परांजप्यांनी. ते सर्जन. ग्रुपमध्ये सर्जन असला की बाकीच्यांनी फक्त कात्री पुढे करायची.

*

परांजप्यांनी सामानाची यादी घरोघर वाटली. पहिलं टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे, दुसरं सनस्क्रीन, तिसरं जँडल्स म्हणजे रबरी चपला. गेल्या ख्रिसमसला आम्ही समुद्रावर कॅम्पिंगला गेलो होतो, तीच यादी. फक्त वर 'चायना, डिसेंबर' लिहिलेलं. दहा वर्षं न्यूझीलंडमध्ये काढली की डिसेंबर म्हणजे उन्हाळा हे माणसाच्या रक्तातच भिनतं.

उषानं फोन करून विचारलं, "डॉक्टर, तिथे बर्फ असेल ना?"

"सिस्टर, यादी फायनल आहे." आठ वर्षांच्या ओळखीनंतरही ते तिला सिस्टरच म्हणत.

उषानं गुपचूप सगळ्यांपुरते लोकरी मोजे बॅगेत भरले. अप्पर हट या उपनगरातले फार्मसिस्ट बापट मात्र यादी शिरसावंद्य मानणारे. शांघायला ते जँडल्स घालून उतरले. बाहेर दोन डिग्री. नवे बूट मिळेपर्यंत चीननं बापटांना उषाच्या गुलाबी मोज्यांत पाहिलं.

*

रोज सकाळी नाश्त्याआधी हॉटेलच्या लॉबीत परांजपे राउंड घ्यायचे. बीपीचं मशीन, स्टेथोस्कोप आणि वही. बाकी दहाजणांनी बाही वर करून रांगेत उभं राहायचं. आकडा जास्त निघाला की त्या दिवशी चढण बंद. त्यांची तेरा वर्षांची केतकी म्हणाली, "बाबा, वी आर ऑन हॉलिडे."

"म्हणूनच," परांजपे म्हणाले.

पहिल्या दिवशी त्यांनी आमचा गाइड मिस्टर चेन यालाही रांगेत घेतलं. त्याला वाटलं, भारतीय लोकांत भेटायची हीच पद्धत असावी. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दिसलो की तो "गुड मॉर्निंग" म्हणून बाही वर करायचा.

*

मांस नको, मासे नको, अंडं नको, हे प्रत्येक हॉटेलात समजावताना चेनच्या नाकी नऊ आले. तिसऱ्या दिवसापासून एकदम सोपं झालं. दोन वाक्यं बोलला की मऊ भाताची पेज आणि उकडलेल्या भाज्या हजर. वाढणाऱ्या बायका हळू आवाजात बोलायच्या. एका ठिकाणी तर मालक स्वतः आला आणि परांजप्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय?" परांजप्यांनी विचारलं.

"म्हणतोय, धीर सोडू नका," चेन म्हणाला. "मी सांगितलंय की तुम्ही सगळे आजारी आहात."

*

डोंगराखालच्या जुन्या गावात दगडी फरशीची एक गल्ली होती आणि गल्लीत जडीबुटीचं दुकान. बापटांच्या काउंटरवर कोणी काढ्याचं नाव काढलं तर ते त्याला अर्धा तास लेक्चर देतात. इथे दुकानातल्या म्हाताऱ्यानं त्यांची नाडी धरली आणि चेनमार्फत सांगितलं, "डावा गुडघा. झोप कमी. चहा फार."

"हे कोणीही सांगेल," बापट म्हणाले आणि मुळ्यांच्या पुडीवर एक्सपायरी डेट शोधत बसले.

दुसऱ्या दिवशी ते जिना तरातरा उतरले. पँटला गुडघ्यावर लेपाचा हिरवा डाग होता. "ट्रायल घेतोय," म्हणाले.

*

हुआंगशानवर केबल कारनं गेलो. तिथून हॉटेलपर्यंत बर्फानं भरलेल्या पायऱ्या. औषधांची भलीमोठी बॅग परांजप्यांनी उषाकडे दिली. "सिस्टर, ही तुमच्याकडे." मी पुढे झालो तर म्हणाले, "पेशंटनं वजन उचलायचं नाही." मी हसलो. उषा हसली नाही.

हॉटेलात शिरताच त्यांनी खास राउंड घेतला, कारण उद्या सूर्योदय. पहिला नंबर उषाचा. ती धापा टाकत होती. "डॉक्टर, पाच मिनिटं बसू द्या, मग घ्या."

"सिस्टर, मागे नऊ जण आहेत."

आकडा आला एकशे साठ. परांजप्यांनी तो वहीत लिहिला. "उद्या तुम्ही खोलीत राहायचं."

तीन वर्षं फ्रिजवर पाहिलेला सूर्य दहा मिनिटांच्या वाटेवर होता, आणि मी तिच्याशेजारी उभा राहून एक शब्द बोललो नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

पहाटे जाग आली तर उषाचा पलंग रिकामा. मी शोधायला निघालो, तर कॉरिडॉरमध्ये फायनल राउंड चालू होता. आणि मी मुकाट रांगेत उभा राहिलो! सवय, दुसरं काय. प्रत्येकाचा दंड तीन-तीन स्वेटरांतून बाहेर काढायचा होता. चेन घड्याळ दाखवत होता, पण बाही वर करूनच. राउंड संपला तेव्हा खिडकी पिवळी झाली होती.

बाहेर आलो तर चिनी पर्यटक कॅमेरे बंद करून परत निघाले होते. सूर्य हातभर वर. कठड्यापाशी उषा उभी होती, हॉटेलनं भाड्यानं दिलेल्या जाड हिरव्या कोटात. इतकी खूश मी तिला आमच्या लग्नातही पाहिली नव्हती.

परांजपे तरातरा पायऱ्या चढून तिच्यापाशी गेले. लालबुंद झाले होते. "सिस्टर, तुम्हाला काय सांगितलं होतं? हात इकडे करा."

उषानं कोट उतरवला, बाही वर केली. एकशे वीस, ऐंशी. परांजप्यांनी पुन्हा मोजलं. तेवढंच.

"मशीन बिघडलंय," ते म्हणाले.

"बघू," उषा म्हणाली. तिनं पट्टा आपल्या दंडावरून सोडला आणि परांजप्यांना दगडावर बसवलं. घड्याळ लावून पाच मिनिटं. मग तिनं त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, स्टेथोस्कोप लावला आणि खाली येणारा काटा नीट पाहिला. वही घेतली, आकडा लिहिला, वही मिटून त्यांच्या हातात दिली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "आज तुम्ही खोलीत राहायचं."