वळणावरचा थांबा

रघुनाथ मिस्त्री ट्रकच्या चाकावर बोटाने पाण्याचा थेंब टाकीत आणि कान देत. थेंब चुर्र करून उडाला की ड्रायव्हरला बजावीत, "भिया, किल्ली इकडे दे. चाक निवेपर्यंत तू माझा पाहुणा." माळव्याच्या पठारावरून धामनोदकडे उतरणाऱ्या घाटाच्या मधल्या वळणावर त्यांची ताडपत्रीची टपरी होती. त्यांचे पूर्वज धारच्या दरबारी घोड्यांना नाल ठोकीत. "घोडा दमला की आपण होऊन थांबतो, ट्रकला थांबवावं लागतं," असे ते म्हणत.

मी त्यांना प्रथम भेटलो तो भांडायला. धारच्या न्यायालयात जन्मभर वकिली केलेला मी; वळणावर उभ्या ट्रकांनी आमची बस तासभर अडवली, तेव्हा खाली उतरून विचारले, हा सार्वजनिक रस्ता आहे की तुमचे अंगण? त्यांनी बसायला हत्यारांची पेटी पुढे केली.

"वकीलसाहेब, एवढा माल उंचावर चढवायला डिझेल जळालं ना? ते वाया नाही गेलं, मालाच्या वजनात दडून बसलंय. उतरताना सगळं बाहेर येतं. ब्रेक दाबला की त्याची आग होते, इथे चाकातल्या ड्रममध्ये. ती हवेत जायला टाइम द्या. नाही दिला, तर ब्रेक जळतो आणि उरलेलं सगळं वेगात जातं." इतक्यात एका ड्रायव्हरने बादली उचलली. मिस्त्री गरजले, "अरे बावळ्या, तापल्या तव्यावर पाणी? ड्रम तडकेल! हवा खाऊ दे त्याला!"

मला ते पटले. तरीही घरी जाऊन मी तक्रार अर्ज लिहिला. पटणे वेगळे आणि कायदा वेगळा, अशी माझी धारणा होती. रहदारीस अडथळा, विनापरवाना टपरी, कलमे अचूक. माझ्या एवढ्या अर्जांत इतक्या तत्परतेने अंमल झालेला दुसरा नाही. पंधरवड्यात टपरी उचलली गेली आणि वळणावर थांबण्यास मनाई झाली.

मिस्त्री घाटाच्या पायथ्याशी येऊन बसले. मी गेलो, तर हसत म्हणाले, "कोण्या शिकलेल्याचा अर्ज होता, साहेब. हवालदारानं वाचून दाखवला. काय भाषा! मलाच वाटलं, या माणसाला हटवलंच पाहिजे." मग हसू मावळले. "पण उतार संपल्यावर चाक निववून काय फायदा?"

मी कबुली दिली नाही. वळणावर रीतसर थांबा मंजूर करावा, असा नवा अर्ज मात्र केला. माझ्याच पहिल्या तक्रारीचा हवाला देऊन सरकारी हिंदीत उत्तर आले : "आपकी ही शिकायत पर कार्यवाही पूर्ण। प्रकरण समाप्त।"

उन्हाळ्यातल्या एका दुपारी सिमेंटने लादलेला ट्रक वळणावर न थांबता उतरला. पायथ्याशी मिस्त्री दुसऱ्या एका ट्रकच्या चाकापाशी वाकलेले होते. ते जागीच गेले. पंचनाम्यात कारण लिहिले : ब्रेक फेल. हे धादांत असत्य आहे. ब्रेकने सोसवेल तेवढी आग सोसली. ती निवण्याची जागा ज्याने हिरावली, त्याचे नाव पंचनाम्यात नाही.

तेराव्याला त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही कायद्याचे जाणकार. तो अर्ज कोणी केला, तेवढं शोधून द्या."

"मीच केला," मी म्हणालो.



"म्हणजे तुमचं ऐकतात," त्या म्हणाल्या. "मग परत लिहा."

लिहितो आहे. उत्तर नाही. ट्रक कायद्याने वागतात. वळणावर एकही थांबत नाही.